लिंबाजीने घरातलं प्लास्टिक काढलं

एका गावात एक भोळा सुतार होता. त्याचं नाव लिंबाजी. हात असे, की त्याने लाकडाचा पोपट कोरून ओट्यावर ठेवला तर मांजर दबा धरून बसायचं. हात बापाकडून आले होते. डोकंही कुणाकडून तरी यायचं होतं, पण ते वाटेतच कुठे राहिलं कोण जाणे.

तसा तो गुणी होता. सांगितलेलं ऐकायचा. शब्द न् शब्द ऐकायचा आणि एकदा ऐकलं की विसरायचा नाही. गावातल्या इतर बाया म्हणायच्या, आमची पोरं ऐकत नाहीत. लिंबाजीची आई हौसाबाई यावर काही बोलत नसे. तिचं दुःख वेगळं होतं.

शेजारच्या गावात रंगनाथ मिस्त्री राहायचे. जुने, नावाजलेले सुतार. त्यांची मुलगी सुवर्णा बाजारात बापाने केलेली लाटणी विकायला बसायची. लिंबाजीने तिला पाहिलं आणि घरी येऊन तो जेवलाच नाही. भाकरी पुढ्यात ठेवून नुसता बसून राहिला.

"काय झालं रं?" हौसाबाईने विचारलं.

"आई, मला ती लाटणीवाली पायजे."

"लाटणं पायजे का पोरगी पायजे?"

लिंबाजीने बराच वेळ विचार केला. "पोरगी," तो म्हणाला. "लाटणं आपल्यात हाय."

हौसाबाईला बरं वाटलं. नवरा गेल्यापासून घरात ती आणि लिंबाजी दोघंच. शहाणी सून आली तर निदान बोलायला कुणीतरी मिळेल, असं तिच्या मनात कितीतरी दिवस होतं. तिने निरोप धाडला आणि रंगनाथ मिस्त्री स्थळ बघायला आले.

मिस्त्रींनी लिंबाजीने कोरलेला पोपट हातात घेतला, उलटासुलटा केला आणि मान डोलावली. मग त्यांनी घराकडे नजर टाकली आणि मान डोलायची थांबली. अंगणात निळी प्लास्टिकची बादली. ओट्यावर लाल प्लास्टिकची खुर्ची. दारात हिरवं प्लास्टिकचं पायपुसणं. मिस्त्रींची दुभती गाय प्लास्टिकच्या पिशव्या खाऊन मेली होती. पोट फुगून, डोळे पांढरे करून, त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून मेली होती. त्या दिवसापासून मिस्त्रींनी आपल्या घरात प्लास्टिक येऊ दिलं नव्हतं.

"सुताराचं घर आणि बसायला प्लास्टिकची खुर्ची?" ते म्हणाले. "पोरा, हात चांगला हाय तुझा. घरातलं समदं प्लास्टिक बाहेर काढ. जे प्लास्टिकचं आसंल, त्याच्या जागी तुझ्या हातानं लाकडाचं कर. मंग मी घर बघाय येतो. कपटा जरी दिसला तरी पोरगी मिळायची न्हाई."

"बरं," लिंबाजी म्हणाला. "जे प्लास्टिकचं, त्याच्या जागी लाकडाचं. ध्यानात ठेवतो."

आणि त्याने ध्यानात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी हौसाबाई शेतावर निघाली. जाता जाता बादलीकडे बोट दाखवून म्हणाली, "ही बघ. हुबेहूब अशी बादली कर. काय फरक दिसला न्हाई पायजे."

लिंबाजीने सागाचा बुंधा घेतला आणि बादलीसमोर बसला. बादलीत त्या वेळी हौसाबाईने लुगडं भिजत घातलं होतं. त्याने सगळं नीट निरखून पाहिलं आणि कामाला लागला. हौसाबाई परत आली तेव्हा अंगणात दोन बादल्या होत्या. काठाचा टवका तसाच. कडीचा वाक तसाच. वर साबणाचा फेस, एकेक बुडबुडा वेगळा. फेसातून लुगड्याचा पदर बाहेर लोंबत होता आणि पदरावर एक माशी बसली होती. हौसाबाईने हाताने माशी हाकलली. माशी उडाली नाही.

हौसाबाईने बादलीवर टकटक केलं. बादली तळापर्यंत भरीव होती.

"आरं, ह्यात पाणी कुठं वतू?"

"वताय कशाला पायजे आई? भरल्यालीच हाय."

हौसाबाई मटकन खाली बसली. लिंबाजी तिच्या शेजारी बसला. आई बसली म्हणजे काहीतरी शिकवणार, हे त्याला ठाऊक होतं.

"आरं खुळ्या, आतलं काढायचं आस्तं. लाकडाची वस्तू आतनं कोरून पोकळ करायची. तवा ती कामाला येती."

"आसं व्हय? आता ध्यानात ठेवतो."

बादली त्याने पोकळ केली आणि चांगली केली. मग तो खुर्चीकडे वळला. खुर्ची बाहेरून सुरेख झाली. पाठीवर वेलबुट्टी, हातांवर हंस. मग तिला उलटी करून त्याने आतून कोरायला सुरुवात केली. बैठक कोरली. पाय कोरले. पाठ कोरली. कोरत कोरत लाकूड पापडाएवढं उरलं, तेव्हा त्याचं समाधान झालं. खुर्ची एका बोटाने उचलता येत होती.

तेवढ्यात पाटलीणबाई विरजण मागायला आल्या. पाटलीणबाई अंगाने भरलेल्या. त्यांच्या घरी दूधदुभतं भरपूर, आणि त्यातलं बाहेर फारसं जात नसे.

हौसाबाईने त्यांच्या वाटीत विरजण घातलं आणि "बसा की," म्हणाली.

पाटलीणबाई बसल्या. त्यांचं बूड बैठकीतून खाली गेलं आणि जमिनीपासून वीतभर वर येऊन थांबलं. गुडघे हनुवटीला लागले. हातातली वाटी मात्र त्यांनी सरळ धरली होती, त्यामुळे विरजण सांडलं नाही. दोघांनी ओढून पाहिलं. खुर्ची निघेना. शेवटी त्या तशाच, खुर्ची घालूनच घरी गेल्या. वाटेत जो भेटला त्याला त्यांनी "विरजणाला गेले हुते," एवढंच सांगितलं.

"आई, पोकळच केली हुती," लिंबाजी म्हणाला.

"आरं माझ्या कर्मा. माणूस बसणार म्हणल्यावर आधी सोता बसून बघावं. दुसऱ्याच्या हवाली करायच्या आधी आपुन भार टाकून बघायचा."

"आसं व्हय? आता ध्यानात ठेवतो."

नवी खुर्ची केली, तिच्यावर बसून बघितलं, ती टिकली. पुढची वस्तू होती कंगवा. घरातला कंगवा काळ्या प्लास्टिकचा. लिंबाजीने शिसवीचा तुकडा घेतला. दात इतके बारीक आणि इतके सरळ काढले, की उन्हात धरला तर सावलीचे दातही मोजता आले असते. आता तो आईच्या हवाली करायचा होता. लिंबाजीने कंगवा ओट्यावर ठेवला, दात वर करून, म्हणजे तो लोळणार नाही. मग धोतर आवरलं आणि त्यावर सगळा भार टाकून बसला.

कंगवा भक्कम होता. एकही दात मोडला नाही.

हौसाबाईने हळद गरम करून लावली. लिंबाजी पालथा पडून होता. "आई," तो उशीत तोंड खुपसून म्हणाला, "बसायला कंगवा बरा न्हाई."

हौसाबाईला हसावं की रडावं कळेना. पोर सुवर्णासाठीच हे सगळं करत होतं, हेही तिला दिसत होतं. आदल्याच दिवशी त्याने मांजराला बसवून सांगितलं होतं की आता घरात सुवर्णा येणार आहे, तिच्याशी नीट वाग.

"आरं, टोचंल आसं लाकूड ठिवायचंच न्हाई," ती म्हणाली. "चांगलं घासायचं. तेल पाजायचं. हात फिरवला तर हात निसटला पायजे."

"आसं व्हय? आता ध्यानात ठेवतो."

पहिली गोष्ट त्याने ही केली, की कंगव्याचे दात घासून सपाट केले. मग हौसाबाई तो पट्टीसारखा केसांवरून फिरवायची आणि बोटांनी केस विंचरायची. दुसरी वस्तू पायपुसणं. प्लास्टिकचं पायपुसणं म्हणजे हिरवे काटेच काटे. ते टोचणारंच. लिंबाजीने सागाची रुंद फळी घेतली, रंधा मारला, पॉलिशपेपरने घासली, मग ओल्या फडक्याने, मग सुक्या फडक्याने, मग हाताच्या तळव्याने. मग तेल पाजलं. लाकूड पीत गेलं, हा पाजत गेला. घरातलं गोडं तेल संपलं तेव्हा एरंडेल घेतलं. फळी अशी झाली, की लिंबाजीने वाकून पाहिलं तर त्यात एक माणूस दिसला. "या, बसा," लिंबाजी त्याला म्हणाला.

फळी त्याने उंबऱ्यात ठेवली आणि त्याच दिवशी रंगनाथ मिस्त्री घर बघायला आले.

हौसाबाईने पाय धुवायला पाणी दिलं. मिस्त्रींनी वहाणा बाजूला काढल्या, पाय धुतले, "काय मंडळी" असं म्हणाले आणि ओला पाय फळीवर टाकला.

पुढचं फार पटकन झालं. मिस्त्री सोप्यातून गेले. माजघरातून गेले. स्वयंपाकघरातून गेले. जाताना त्यांना डाव्या हाताला लाकडाची मांडणी दिसली, उजव्या हाताला लाकडाची बादली, फडताळात लाकडाचे डबे, खुंटीला लाकडाचा कंगवा. मग मागचं दार आलं. ते उघडं होतं. मग परडं आलं. मग उकिरडा आला आणि मिस्त्री थांबले. ते घर बघायला आले होते. इतकं नीट आणि इतक्या झटक्यात कुणाचं घर त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

हौसाबाई पदर तोंडाला लावून धावली. आता सगळं संपलं, असं तिला वाटलं. लिंबाजीही मागून आला. त्याचं तोंड एवढंसं झालं होतं.

मिस्त्री उकिरड्यात उताणे पडले होते आणि आभाळाकडे बघत होते. ते म्हणाले, "प्लास्टिक दिसलं न्हाई."

"न्हाई मामा," लिंबाजी म्हणाला. मुलीच्या बापाला मामाच म्हणायचं असतं, हे त्याला आईने सांगून ठेवलं होतं.

"कुठंच दिसलं न्हाई. मी समदं बघत आलो." मिस्त्री शब्दाचे पक्के होते. अंगाला शेण लागलं तरी शब्द तो शब्द. "पोरगी दिली तुला."

लिंबाजीला एवढा आनंद झाला की तो त्यांच्या शेजारी उकिरड्यावर जाऊन बसला. मिस्त्री कण्हत उठले आणि सुतार असल्यामुळे त्यांना राहवेना.

"पर पोरा, सुतारानं वस्तू कशी पक्की बसवावी. खालनं खड्डा घे. चारी बाजूंनी पाचरी ठोक. वरनं पाणी घाल, म्हंजी लाकूड फुगतं. मंग हत्तीनं ढकललं तरी जागचं हलत न्हाई."

"आसं व्हय? आता ध्यानात ठेवतो."

"आन् मांडवात बी मला प्लास्टिक नगं. हल्ली अंतरपाट बी त्यो चमचमता, नायलॉनचा आणत्यात. त्यो बी प्लास्टिकच. अंतरपाट तुमच्याकडं लागला. तेवढं तू बघ."

"बघतो मामा."

अंतरपाट म्हणजे लग्नात नवरानवरीच्या मध्ये धरतात ते कापड. मंगलाष्टकं होईपर्यंत दोघांनी एकमेकांना बघायचं नाही. मग अंतरपाट बाजूला होतो आणि हार घालायचे. सूती धोतर धरलं तरी चालतं. मिस्त्रींच्या मनात तेच होतं. पण ते त्यांच्या मनात होतं.

लग्नाला अजून अवकाश होता. घरात एकच प्लास्टिक राहिलं होतं, हौसाबाईच्या चपला. त्या मिस्त्रींना दिसल्या नव्हत्या, कारण त्या वेळी हौसाबाईच्या पायात होत्या. लिंबाजीने त्यांच्या जागी लाकडाच्या केल्या. मऊ लाकूड, वर चामड्याचा पट्टा, पायाला बसतील अशा. मग ओट्याच्या खाली, जिथे आई चपला काढते तिथेच, खड्डा घेतला, पाचरी ठोकल्या आणि पाणी घातलं.

बकरी कुंपणातून मिरचीत शिरली तेव्हा हौसाबाई घाईने बाहेर आली. तिने चपलांत पाय घातले आणि पळाली. पाय तिथेच राहिले. हौसाबाई मात्र पुढे गेली आणि अंगणात आडवी झाली. बकरीने एकदा मान वर करून पाहिलं आणि पुन्हा मिरची खाल्ली.

"आई, हत्तीनं ढकललं तरी हलायच्या न्हाईत," लिंबाजी कौतुकाने म्हणाला.

हौसाबाई पडल्या पडल्याच बोलली. "आरं, जे चालायचं त्ये सुटं ठिवावं. जे उभं ऱ्हायाचं त्ये पक्कं करावं. कळलं का?"

"जे चालायचं त्ये सुटं. जे उभं ऱ्हायाचं त्ये पक्कं." लिंबाजी खूश झाला. आजवर आई एका वेळी एकच गोष्ट शिकवायची. आज दोन शिकवल्या. "आता ध्यानात ठेवतो."

मग तो अंतरपाटाचा विचार करू लागला. अंतरपाट चालतो का? नाही. त्याने कितीतरी लग्नं पाहिली होती, अंतरपाट चालत गेलेला त्याला आठवेना. अंतरपाट उभा असतो. मग झालंच.

त्याने जाड सागाच्या फळ्या घेतल्या आणि माणसाच्या डोक्याहून उंच असा अंतरपाट केला. त्यावर मोर कोरले. कलश कोरला. कडेने द्राक्षांची वेल कोरली आणि एका द्राक्षावर लहानशी मुंगी. असा अंतरपाट कुणी केला नव्हता. लग्नाच्या दिवशी पहाटेच तो टेम्पोत घालून लिंबाजी सुवर्णाच्या गावी गेला. मांडवात खड्डा घेतला. चारी बाजूंनी पाचरी ठोकल्या. हळदीच्या न्हाणाची घागर तिथेच होती, तिच्यातलं पाणी वर ओतलं.

पाहुणे जमले. सगळ्यांना वाटलं, ही मांडवाची शोभा. मिस्त्री येणाऱ्या प्रत्येकाचा हात धरून तिथे न्यायचे आणि मोर दाखवायचे. "हात बघा माझ्या जावयाचा," म्हणायचे. त्यांची छाती भरून आली होती.

मुहूर्त जवळ आला. "अंतरपाट आणा," भटजी म्हणाले.

"ह्यो काय," लिंबाजी म्हणाला.

भटजींनी मोराकडे पाहिलं. मोराने भटजींकडे पाहिलं. आता दुसरं काही शोधायला वेळ नव्हता. एका बाजूला नवरा उभा केला, दुसऱ्या बाजूला नवरी, आणि मंगलाष्टकं सुरू झाली. अक्षता पडल्या. शेवटचं 'सावधान' झालं. ताशा कडाडला.

"अंतरपाट काढा," भटजी म्हणाले.

नवरीच्या भावांनी हात घातला. नवरीच्या मामांनी हात घातला. वाजंत्र्यांनी ताशे खाली ठेवले आणि त्यांनीही हात घातला. मांडव करकरला, वरून दोन नारळ पडले, पण अंतरपाट हलला नाही.

"आरं, ह्यो हलत का न्हाई?" मिस्त्री ओरडले.

"हलणार न्हाई मामा," लिंबाजी फळीच्या मागून म्हणाला. "हत्ती आणला तरी हलणार न्हाई. तुमी सांगितला तसाच बसवलाय."

मिस्त्री खाली बसले. आयुष्यभर त्यांच्या हाताखालच्या माणसांनी त्यांचं धड ऐकलं नव्हतं. ऐकणारा आज भेटला होता.

भटजी घड्याळाकडे बघू लागले. "मुहूर्त चाललाय," ते म्हणाले. "टळला तर मी बांधील न्हाई." पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, वऱ्हाड तसंच परत न्यावं. हौसाबाईचे डोळे भरले. फळीच्या या बाजूला लिंबाजी हातात हार घेऊन उभा होता. सुवर्णा पलीकडे एका हातावर होती आणि मधे त्याचेच मोर होते.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. "अवो. ऐकताय का?"

सुवर्णाचं त्याच्याशी हे पहिलं बोलणं. "व्हय," लिंबाजी म्हणाला.

"बाजूनं या की."

कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं. अंतरपाट उंच होता, पण त्याच्या दोन्ही बाजूंना बैलगाडी जाईल एवढी जागा मोकळी होती. सकाळपासून कुत्री तिथूनच ये-जा करत होती. लिंबाजी डावीकडून निघाला आणि पलीकडे पोचला. त्याच वेळी सुवर्णाही दुसऱ्या बाजूने निघाली आणि अलीकडे पोचली. आता नवरी नवऱ्याच्या जागी होती आणि नवरा नवरीच्या जागी. भटजींनी सवयीने पुन्हा 'सावधान' म्हटलं. लोकांनी पुन्हा अक्षता टाकल्या. दोघंही पुन्हा निघाले आणि पुन्हा मधे मोर.

"आता तुमी हलू नगासा," सुवर्णा म्हणाली. "तिथंच उभं ऱ्हावा. मी येती."

उभं राहायचं. लिंबाजीला लगेच आठवलं. सुतार माणूस, कमरेला हातोडी आणि चार पाचरी असायच्याच. तो वाकला आणि सुवर्णा येईपर्यंत त्याने धोतराचा घोळ चारी बाजूंनी पायाखालच्या पाटाला ठोकून टाकला. कलशातलं पाणीही वर ओतलं.

सुवर्णा आली. तिने हार घातला. त्याने हार घातला. मुहूर्त साधला आणि ताशा पुन्हा कडाडला. "आता चला, सप्तपदी," भटजी म्हणाले, आणि नवरा जागचा हलेना.

सुवर्णाने खाली पाहिलं. पाचरी बघितल्या. ओलं धोतर बघितलं. मग तिने अंतरपाटाकडे बघितलं आणि सकाळपासून काय काय झालं ते सगळं तिच्या ध्यानात आलं. मुलगी सुताराची होती. तिने त्याच्या हातातून हातोडी घेतली, चारी पाचरी बाजूने ठोकून सैल केल्या आणि ओढून काढल्या.

"ह्ये कुणी शिकिवलं?"

"मामांनी आन् आईनं. दोघांनी मिळून."

सुवर्णा हसली. बाजारात लाटणी विकताना हसायची तशीच हसली. "आता दुसऱ्या कुणाचं काय बी ध्यानात ठिवायचं न्हाई," ती हळूच म्हणाली. "मी करीन तसं करायचं. बस्स."

"तू करशील तसं करायचं," लिंबाजी म्हणाला. "आता ध्यानात ठेवतो."

आणि खरोखर सगळं सुरळीत झालं. सुवर्णा चालली, तो चालला. सुवर्णा वाकली, तो वाकला. सप्तपदी झाली, घास भरवून झाले, कुठे म्हणून घोटाळा नाही. लोक म्हणाले, बघा, लग्न झाल्याबरोबर शहाणा झाला. हौसाबाईने मनातल्या मनात देवाला नारळ कबूल केला.

पाठवणीच्या वेळी सुवर्णा आईच्या गळ्यात पडून रडली. तिचं आवरल्यावर लिंबाजी सासूच्या गळ्यात पडला आणि रडला. सासू घाबरली, पण बायकांना गहिवरून आलं. एवढा मायाळू जावई कुणी पाहिला नव्हता. मग सुवर्णाची ओटी भरली. लिंबाजीने उपरण्याची झोळी पुढे केली. भरणाऱ्या बाईने जरा इकडेतिकडे पाहिलं आणि तीही भरली.

घरी हौसाबाई आरती घेऊन दारात उभी होती. सुवर्णाने तांदळाचं माप उजव्या पायाने हलकेच लवंडलं. हौसाबाईने ते पुन्हा भरलं, कारण लिंबाजी पाय उचलून थांबला होता. मग बायकांनी वाट अडवली. नाव घे म्हणाल्या.

सुवर्णाने मान खाली घालून नाव घेतलं. "सागाची फळी, शिसवीचा पाट, लिंबाजीरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

बायका हसल्या आणि बाजूला झाल्या. लिंबाजीने मान खाली घातली. "सागाची फळी, शिसवीचा पाट," तो म्हणाला, "लिंबाजीरावांचं नाव घेते, सोडा माझी वाट."

"असू दे," हौसाबाई म्हणाली. "पाठ तरी केलंय." तिला आता कशाचंच काही वाटत नव्हतं. घरात सून आली होती. त्या रात्री दोघी चुलीपाशी बसून बोलत राहिल्या आणि हौसाबाईला कितीतरी वर्षांनी कुणाला काही दोनदा सांगावं लागलं नाही.

पण लग्नानंतर नव्या नवरीने एकदा माहेरी जायचं असतं. भाऊ येऊन घेऊन जातो. चार दिवस ती तिथे राहते आणि मग नवऱ्याने जाऊन तिला आणायचं. नवरा न्यायला आल्याशिवाय या खेपेला मुलगी पाठवत नाहीत. तशी रीत आहे. सुवर्णाचा भाऊ टेम्पो घेऊन आला. सुवर्णाने गाठोडं बांधलं, सासूच्या पाया पडली आणि टेम्पोत बसली.

"लवकर ये गं बाई," हौसाबाई म्हणाली. "घर मोकळं वाटंल." मग तिने पाहिलं, तर लिंबाजीही गाठोडं घेऊन टेम्पोत चढत होता. चढण्याआधी तो तिच्या पाया पडला.

"आरं, तू कुठं निघालास?"

"माह्यारला," लिंबाजी म्हणाला, आणि टेम्पो सुटला.

माहेरी सुवर्णा आईपाशी बसली, हा शेजारी बसला. आईने सुवर्णाच्या केसांना तेल लावलं, मग याच्याही लावलं, कारण तो पाठ करून बसलाच होता. चार दिवस गेले. पाचवा गेला. सुवर्णाने गाठोडं बांधलं आणि ती वाटेकडे बघत दारात बसली. लिंबाजीनेही गाठोडं बांधलं आणि तोही बसला. न्यायला कुणी आलं नाही. तिकडे हौसाबाई आपल्या दारात बसून वाटेकडे बघत होती. तिच्याकडेही कुणी येत नव्हतं.

शेवटी रंगनाथ मिस्त्री बाहेर आले. "जावईबापू, पोरीला न्यायचं बघा की आता."

"मी कसा नेणार मामा? मी न्यायला आलोय व्हय? मी हिच्यासंगं माह्यारला आलोय."

मिस्त्रींनी डोकं खाजवलं. बोलणं तर बरोबर होतं. "मंग घरी जावा आन् न्यायला या."

"आधी हिला जाऊ द्या. ही करंल तसं मी करणार."

"न्यायला आल्याबिगर ती कशी जाईल? आमच्यात तशी रीत न्हाई."

"तेच म्हणतोय मी," लिंबाजी म्हणाला.

सुवर्णाने कपाळाला हात लावला. लिंबाजीनेही कपाळाला हात लावला. मिस्त्री उंबऱ्यात दोघांच्या मधे बसले. रीत मोडायची नाही आणि पोरगी घरात ठेवायची नाही, यातून त्यांना वाट दिसेना. त्यांनी एकदा रस्त्याकडे पाहिलं, एकदा जावयाकडे पाहिलं आणि एक उसासा टाकला.

लिंबाजीला म्हाताऱ्याची दया आली. त्याने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"काळजी करू नगा मामा," तो म्हणाला. "येईल हिचा नवरा. माणूस वाईट न्हाई. कुणीतरी जाऊन त्याला नीट समजावून सांगाय पायजे."